शेवटचा एक संगणक

ज्याचा चेहरा दिसत नाही, त्याचेही दायित्व सांभाळणाऱ्यावरच असते.

पडद्यावर चित्र उमटवणारा एक जुना ड्रायव्हर, म्हणजे कंपनीने आतली रचना कुलूपबंद ठेवलेला छोटा प्रोग्राम, अमरावतीचे गजेंद्रराव लोकांना पुरवत असलेल्या आपल्या लिनक्स संचात वर्षानुवर्षे निष्ठेने सांभाळत होते. तो बनवणाऱ्या कंपनीने त्याकडे पाठ फिरवली आणि नोंदीत तो वापरणारा एकच संगणक उरला.

"एका डब्ब्यासाठी काहून रक्त आटवून राहिले, भाऊ?" सहकारी नितेश हसला. गजेंद्ररावांनी सकाळच्या अपडेटमधून तो ड्रायव्हर वगळला.

दुपारी बार्शीटाकळीहून जावयाचा फोन आला.

"मामाजी, तुमी दवाखान्याले बसवून देल्ला तो कम्प्युटर अपडेट झाल्यावर काळा पडला. तुमची लेक प्रणाली सोनोग्राफीच्या टेबलावर हाये, अन् बाळाचे ठोके कोणालेच दिसून नाही राहिले."

परमेश्वर त्या दोन्ही जीवांना सुखरूप राखो.