चवीची गोळी

"आबा, गोळी घ्या. चार दिवस पोटात काही नाही, डॉक्टर म्हणतात आता काही खरं नाही."

"हा खडू शाळेत नेऊन दे," सुलभाताईंचे सासरे म्हणाले आणि तोंड मिटून बसले.

सुलभाताई दमल्या होत्या. चुली बंद होऊन अकरा वर्षं झाली. तालुक्याचं जेवण म्हणजे आता गोळ्या, आणि कारखान्यात रोलरखाली भुकटी दाबून त्या गोळ्या सुलभाताईच काढत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जपून ठेवलेलं चिमूटभर मेतकूट भुकटीत मिसळलं आणि गुपचूप रोलरमधून काढलं.

आबांनी गोळी सावकाश चघळून संपवली.

"मीठ कमी पडलंय."

अकरा वर्षांत चवीला कुणी नावं ठेवली नव्हती; गोळ्यांना चवच नव्हती. सुलभाताई डोळे पुसत म्हणाल्या, "उद्या जास्त घालते."