नऊ अर्जांची यादी

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी डोणगावच्या बसस्टँडवर जनकाबाईंनी मिरचीभजी कर्जाच्या अर्जात बांधून दिली. अर्जावर फोटो होता, आधार नंबर होता, सही होती.

रद्दी समोरच्या फायनान्स कंपनीतून आली होती. जुने अर्ज मशीनमध्ये बारीक करायचे होते. मशीन बंद, म्हणून व्यवस्थापक शेखरने ते किलोवर विकले. आता चार वाजता मुख्य कार्यालयातून मंजुश्री मॅडम तपासणीला येणार होत्या. ग्राहकांची माहिती फुटली तर सरकार कंपनीला अडीचशे कोटींपर्यंत दंड करू शकतं. कंपनी शेखरचं काय करेल, ते कायद्यात लिहिलेलं नव्हतं.

त्याने जनकाबाईंच्या हातगाडीवरचा सगळा गठ्ठा उचलला, मोजून रजिस्टरशी ताडला. नऊ अर्ज कमी.

“कोणाले दिले, मावशी?”

“लिहून घ्या, सायेब. माह्या ध्यानात हाय.” जनकाबाईंचा झारा थांबला नाही. “कंडक्टर जानराव. गाडी उभी करून खाते. तुळशीराम. बायकोले उपास सांगते. उकंडराव मास्तर. शुगर तीनशे, घरी कारल्याचा रस पिते अन् इथं पाव किलो हाणते.”

शेखरने नऊही नावं लिहिली. पत्ता लिहिला, शेराही लिहिला.

अर्ज सापडत गेले. एक एसटीच्या सीटखाली, एक तुळशीरामच्या खिशात, एक नालीत. साडेतीनला तो हातगाडीवर परतला, यादी फळीवर ठेवून नववी खूण केली, तांब्याभर पाणी प्यायला आणि अर्ज घेऊन ऑफिसकडे पळाला. जनकाबाईंसमोर गिऱ्हाईक उभं होतं. रद्दी सगळी शेखरने नेलेली.

पावणेपाचला मंजुश्री मॅडमनी तेलकट अर्ज चिमटीत धरून मोजले.

“सगळे आहेत. बाहेर काही गेलेलं नाही.”

शेखरने रुमालाने मान पुसली. तेवढ्यात अन्नपूर्णाबाई आत आल्या. उकंडराव मास्तरांच्या पत्नी. एका हातात भजी, दुसऱ्या हातात ती ज्यात बांधली होती तो कागद, शेखरच्या अक्षरातली यादी.

“सहा महिने झाले, रोज कारले पिळून राह्यली मी,” त्या म्हणाल्या. “मॅडम, टीव्हीवर सांगते, माहिती फोडली तं दंड पडते म्हणून. नवऱ्याची माहिती फुटली तं तो दंड बायकोले भेटते का?”

सहा वाजेपर्यंत मॅडमचा मुख्य कार्यालयाशी फोन सुरूच होता. उकंडराव मास्तर घरी पोचल्याचं वृत्त नाही.