दोनच वाटा

"आई की नोकरी, एक सांग!" गजेंद्रने चहाचा रिकामा कप ओट्यावर आपटला.

त्याच्या बायकोला, पूनमला, खामगावच्या सरकारी कार्यालयातून रुजू होण्याचा हुकूम आल्यापासून संग्रामपूरच्या या घरात हेच चालू होतं. गजेंद्र स्पर्धा परीक्षेच्या क्लासवर तर्क शिकवायचा. पूनम त्याच्याच क्लासला बसली. ती पास झाली, तो स्वतः मात्र कधीच झाला नाही. दुसऱ्याची चूक हा माणूस फळ्यावर लिहून दाखवायचा. स्वतःची असली की आवाज वाढवायचा.

त्याची आई, गोजरबाई, ठेवणीतलं लुगडं नेसून बाजेवर बसली होती. देवळात जायचं असावं. ती चष्मा रुमालात गुंडाळत होती.

"गल्लीतली कोणती सून बाहेरगावी नोकरी करते?" गजेंद्रने पूनमला विचारलं.

"कोणी करत नाही म्हणून मी चुकते? क्लासात गर्दीचा दाखला म्हणता न तुम्ही याले?"

"शेजारच्या उकंडरावची सून नोकरीले लागली अन् घर मोडलं त्याईचं!"

"आधी नोकरी, मंग भांडण. म्हणून नोकरीनंच मोडलं? नवरा दारू पेत होता, ते?"

"तुह्या बापानं कधी ऑफिस पाह्यलं काय?"

"मुद्दा सरला की माणसावर घसरता!" पूनम कडाडली. "मह्या बापाले काऊन मधात आणता?"

"आईच्या गोळ्या, जेवण कोण पाहीन?"

"तुम्ही."

"मी?" गजेंद्रला हा अपमानच वाटला. "मी बाप्या माणूस आहो!"

गोजरबाईने मान वर करून लेकाकडे पाहिलं. मग बाजेजवळच्या दोन पिशव्यांपैकी एकीत चष्मा टाकला.

"शेवटचं विचारतो. आईजवळ राह्य, नाही तं नोकरीवर जाय. दोनच वाटा!"

"दोनच?" पूनमने पदर खोचला आणि दोन्ही पिशव्या उचलल्या. "पहिल्याच दिवशी शिकवलं होतं तुम्ही हे. खोटी निवड."

"जाय! म्हाताऱ्या बाईले टाकून गेली, हे साऱ्या गावाले सांगतो!"

तो तणतणत आतल्या खोलीत गेला आणि धाडकन दार लावून घेतलं. ती पाया पडत येईल, याची त्याला खात्री होती. बाहेर ऑटो सुरू झाल्याचा आवाज आला, तसा तो धावत आला.

"पाह्यलं आई? गेली तुले टाकून!"

बाज रिकामी होती.

ऑटोतून गोजरबाईचा आवाज आला, "गजू, तो कप धुवून ठेवजो रे."