पाचवी तपासणी

"शून्य," डॉक्टर नुरजामाल म्हणाल्या. सल्तनत नर्सनं कागदावर चौथं शून्य लिहिलं.

खाटेच्या पायथ्याशी बसलेल्या शामिरबेकनं डोक्यावरची उंच पांढरी टोपी नीट केली. शून्यानं खचणारा गडी तो नव्हे.

"डॉक्टरबाई, माझी सून तुम्हाला ठाऊक नाही. साऱ्या कोच्कोर गावात अशी दुसरी दाखवा! सतरा वर्षांत उलट शब्द नाही. माझं नाव कधी ओठांवर आणलं नाही, मला पाठ दाखवली नाही, माझ्यासमोर मान वर केली नाही. आणि तिच्या हातच्या शेवया! मेलेला माणूस उठून वाडगा पुढे करील."

"मग आणा की आमच्यासाठी एक पातेलं," सल्तनत म्हणाली.

"आणलं असतं गं. करणारी इथं निजलीय ना."

बुरुल्चा घोड्यावरून डोक्यावर पडली, त्याला दोन महिने झाले होते. डोळे उघडायची, पण त्या डोळ्यांमागे कुणी जागं आहे का, एवढंच कुणाला कळत नव्हतं. नवरा मॉस्कोत टॅक्सी चालवायचा, म्हणून सासरा रोज सकाळी हजर.

नुरजामाल कामात पक्क्या. एका तपासणीवर त्या कुणालाही बेशुद्ध ठरवत नसत. वेगवेगळ्या दिवशी पाच करत. आरसा हमखास वापरत, कारण ज्याला दुसरं काही उमगत नाही तोही सरकत्या आरशातल्या स्वतःच्या चेहऱ्यामागोमाग नजर फिरवतो. ओळखीचं माणूस समोर असावं म्हणून म्हाताऱ्याची खुर्चीही त्यांनीच तिथं मांडली होती. आता पाचवं शून्य पडलं, की बिश्केकच्या उपचारकेंद्रातली खाट दुसऱ्याला मिळणार होती आणि बुरुल्चा कायमची घरी जाऊन पडणार होती.

"अंग पुसताना ती माझ्याकडे बघते असं वाटतं, बाई," सल्तनत एकदा म्हणाली होती.

"वाटणं कागदावर लिहिता येत नाही," नुरजामालनी तिला गप्प केलं होतं.

शुक्रवारी पाचवी तपासणी झाली. टाळी वाजवली. "बुरुल्चा, बोट हलव." काही नाही. आरसा धरला. पापण्या खाली गेल्या आणि खालीच राहिल्या. नुरजामालनी पेन उघडलं.

शामिरबेक उठला. "थांबा. सासऱ्यादेखत सुनेचा असला निकाल लावू नका. तिनं चारचौघांत माझी मान कायम ताठ ठेवली. मी तिची खाली घालू देणार नाही."

तो छाती काढून बाहेर गेला आणि दार ओढून घेतलं. मग मात्र त्याचे डोळे भरून आले. तरी तो ताठच उभा राहिला; अशा पोरीचा सासरा वाकलेला कसा दिसेल?

आतून आवाज आला. "अगं, हे काय... डावीकडे. आता उजवीकडे. सल्तनत, बघ, बघ! आरसा नेईन तिकडे बघतेय!"

म्हाताऱ्यानं दार ढकललं. बुरुल्चाची नजर आरशावर खिळलेली त्याला स्पष्ट दिसली. त्याचा बूट फरशीवर वाजला, आणि पापण्या झटकन खाली गेल्या.

नुरजामालनी बुरुल्चाकडे पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे, मग खाटेच्या पायथ्याच्या त्या खुर्चीकडे. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा," त्या म्हणाल्या, "आधी बाहेर जा! आणि मी बोलावल्याशिवाय या खोलीत पाऊल टाकू नका."