उजव्या छातीवरचं पदक

घरात बोलायला दुसरं कुणी उरलं नाही, तेव्हा इंदुमतीबाईंनी भिंतीवरचा फोटो बोलता करून घेतला. फोटोतल्या चेहऱ्यावरून यंत्र त्या माणसाचा आवाज आणि फोटो काढला त्या दिवसापर्यंतच्या आठवणी उभ्या करायचं. पण पहिल्या महायुद्धात मारले गेलेले गेनूआजोबा बोलायचे ते बैलांबद्दल, पेरणीबद्दल. लढाईचं नाव काढलं की गप्प.

शेवटी बाईंनी यंत्राला फोटोतला लष्करी गणवेशच वाचायला लावला.

"पदक उजव्या छातीवर आहे," यंत्र म्हणालं. "स्वतःचं पदक डावीकडे लावतात. उजवीकडे लावतात ते घरातल्या मेलेल्या माणसाचं."

"फोटो उलटा छापला असेल."

"बटणं बरोबर बाजूला आहेत. शिवाय कोटाच्या बाह्या आखूड पडल्यात."

बाई फोटोकडे वळल्या. "आजोबा, तुम्ही कोण?"

"भिवा," उत्तर आलं. "गेनूचा धाकटा भाऊ. त्याचा फोटोच नव्हता गं. कोट आला, पदक आलं, तो नाही आला. आईला हार घालायला तोंड हवं होतं. म्हणून मी बसलो."

बाई फोटोवरचा हार काढायला उठल्या.

"राहू दे तो. फक्त एकदा भिवा म्हणून हाक मार. कोट चढवला तशी आईसुद्धा मला गेनू म्हणाली."

"भिवा," बाईंनी हाक मारली. मग म्हणाल्या, "तुम्हीही मला इंदू म्हणा. आता कुणी म्हणत नाही."