पलटणीची तीट

पुण्यात खेळण्यातल्या चिमुकल्या सैनिकांच्या लढाईची स्पर्धा होती. सर्वांत सुंदर रंगवलेल्या सैन्याला वेगळं बक्षीस होतं, आणि माझ्या लेकाला, वीरेशला, यंदा ते हवंच होतं. सुपारीएवढे सैनिक त्याने महिनाभर रंगवले आणि माझ्या सांडग्यांच्या ताटातच वाळत ठेवले.

"सेनापती, लढाईला मागनं जावा. आधी दळण आणा," सून म्हणाली. सेनापती डबा घेऊन निमूट गिरणीत गेले.

रविवारी पुण्याहून त्याचा फोन आला.

"अव्वा, माझ्या सैनिकांच्या गालावर काळे ठिपके कुणी लावले?"

"मीच. काडीच्या टोकानं काजळ लावलं. एवढ्या लोकांची नजर पडणार, तीट नको व्हय? लहानपणी तुलाबी लावायची की."

"परीक्षकांनी विचारलं ना, हे काय म्हणून."

"मग?"

"पलटणीची खूण हाय म्हटलं." तो हसला. "बक्षीस मिळालं, अव्वा."

निघताना तो पाया पडायला वाकला, तेव्हा बेचाळीस वर्षांच्या सेनापतीच्या कानामागेही मी एक खूण केली होती. ते काही मी त्याला सांगितलं नाही.