व्याह्यांचा लेंगा

लग्नाची बोलणी करायला आलेल्या मुलाच्या बापानं अर्ध्या चड्डीत यावं, हे चांगुणाबायला मुळीच रुचलं नव्हतं. त्यात आश्विनातली तिन्हीसांज, म्हणजे बेटावर डासांचंच राज्य. आणि आल्यापासून गृहस्थाचं एकच तुणतुणं, लग्न खाडीपलीकडच्या हॉलमध्येच करायचं.

बायचा हट्ट मात्र एवढाच की नात आपल्या दारातल्या मांडवातून सासरी निघावी, ज्यांना आता होडीत चढवत नाही त्या म्हाताऱ्यांनाही अक्षता टाकता याव्यात. तिनं घमेल्यात नारळाची सोडणं नि कडुनिंबाचा पाला पेटवला. पाहुण्यांची खुर्ची वारा येतो त्या अंगाला मांडली आणि घमेलं मध्ये ठेवून स्वतः समोर बसली. धूर सगळा तिच्याकडे आला, डास सगळे पाहुण्यांकडे गेले.

"धूर तुमच्याकडंच कसा जातो हो?" पोटऱ्यांवर चापट्या मारत पाहुण्यांनी विचारलं.

"त्याला घरची माणसं कळतात."

थोडा वेळ नुसत्या चापट्याच ऐकू आल्या. मग पाहुणे म्हणाले, "बरं बाई, लग्न तुमच्याच दारात. पण या डासांचं काय?"

"माघात धरू. तोवर डबकी सुकतात, डास औषधालाही सापडत नाही."

तिनं घमेलं उचलून त्यांच्या पलीकडे नेऊन ठेवलं. धूर त्यांच्या उघड्या पायांवरून वाहू लागला, तशी ती म्हणाली, "स्थळ चांगलं आहे, व्याही. मानपानात तुम्हाला शाल नाही, लेंगा देणार. घोट्यापर्यंतचा."